वाघ चार आले

"काऊन व दिव्यानी, झालं का?" नानाजींनी दारातून डोकं आत घालून विचारलं. सकाळपासून ही चौथी वेळ.

"होऊन राह्यलं बाबा."

"होऊन राह्यलं, का झालं?"

"होऊन राह्यलं!"

नानाजी जांभूळटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. बारा वाजता शेजारच्या पाच गावांच्या संस्थांचे अध्यक्ष येणार होते, आणि तेही त्यांच्या पोरीनं बनवलेला प्रोग्राम पाहायला. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट आठ वाजताच अंगात चढवून ते बसले होते आणि आता घडी मोडेल म्हणून खाली वाकायलाही घाबरत होते.

दिव्यानी नागपूरच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या सोमाजीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अस्वलानं धरलं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणजे जाळं फेकणं संपलंच. वाईट याचं वाटायचं की तेच अस्वल एका गुराख्यानं आदल्या संध्याकाळी त्याच पाळीवर पाहिलं होतं. बातमी मात्र सोमाजीच्या घरापर्यंत पोचली नव्हती. हे फोनवर ऐकल्यापासून दिव्यानीनं आठ महिन्यांचे रविवार खर्चून 'चाहूल' नावाचा प्रोग्राम केला. जनावरांच्या चित्रांबरोबर हौसेनं जंगलातली झाडं नि पक्षीही त्यात भरले. जनावर दिसलं की फोनवर त्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. लगेच गावातले सगळे फोन वाजणार, संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नकाशा लाल होणार आणि छतावरचा भोंगा बोंबलणार.

फोनवर तो झकास चालला. तिच्या लॅपटॉपवरही चालला. अडलं ते ऑफिसच्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरपाशी. प्रोग्राम लिहिलेला एकच असला, तरी प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी त्याचे शेकडो तुकडे नव्यानं जोडावे लागतात. या जोडणीला तिच्या धंद्यात बिल्ड म्हणतात. या कॉम्प्युटरवर बिल्ड नव्वद टक्क्यांपर्यंत धावत जायचा आणि धापकन बसायचा. लाल अक्षरात एकच रडगाणं : प्राण्यांची यादी सापडत नाही.

दिव्यानीला राग याचा होता की झाडांची यादी सापडत होती, पक्ष्यांचीही सापडत होती. तिन्ही याद्या बिल्ड स्वतःच तयार करत होता, एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ एक. चित्रं मोजायची, आकडे यादीत लिहायचे आणि मग ती यादी वाचून पुढं जायचं, एवढंच काम. मग स्वतःच क्षणापूर्वी लिहिलेली प्राण्यांची यादी याला दिसू नये? सगळं जंगल आत येत होतं आणि जनावरं तेवढी वेशीवरच अडत होती!

तीन दिवसांत तिनं सगळे उपाय केले. व्हायरस पकडणारा प्रोग्राम बंद केला. सगळा पसारा दुसऱ्या फोल्डरात हलवला. नावं तपासली, परवानग्या तपासल्या. आज सकाळी तर तिनं कॉम्प्युटरचं झाकण काढून धूळसुद्धा झटकली, ज्याचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता.

"पुन्हा एकदा," ती स्वतःशीच म्हणाली आणि बिल्ड सुरू केला.

भिंतीपलीकडून कर्र-कर्र, कर्र-कर्र असा आवाज आला. बाहेरच्या खोलीत संस्थेचा जुना प्रिंटर होता, टाचण्यांनी ठोकून ठोकून अक्षरं उमटवणारा. त्याचा कलकलाट नानाजींना सोसत नसे, म्हणून भिंतीला भोक पाडून त्याची जाडजूड वायर पलीकडे नेली होती. संस्थेचे लेखनिक मुखरूकाका त्याच खोलीत बसत. तीन दिवसांच्या रजेवरून ते आज आले होते आणि बंद पडून असलेला प्रिंटर त्यांनी नुकताच चालू केला होता.

'मुखरूकाका नोटिसा काढून राह्यले वाट्टे,' असं दिव्यानीच्या मनात आलं. लाल अक्षरं पुन्हा उगवली होती, म्हणून त्या आवाजाकडे तिनं फार लक्ष दिलं नाही.

पलीकडे मुखरूकाकाही प्रिंटरकडे पाहत होते. 'पोरगी काहीतरी छापून राह्यली,' असं त्यांच्या मनात आलं. पण यंत्रातून आलेला कागद फाडून घेतल्यावर त्यांचे डोळेच पांढरे झाले. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, स्वच्छ लिहिलं होतं :

वाघ ४ आले.
अस्वल २ आले.
रानडुक्कर ६ आले.
हत्ती ७ आले.

मुखरूकाका नोकरीला लागल्यापासून प्रिंटरमधून आलेला प्रत्येक कागद फलकावर लावत आलेले. त्यांनी हाही लावला. फक्त खाली लोकांच्या सोयीसाठी मराठी अक्षरांत तोच मजकूर लिहिला आणि संस्थेचा शिक्का मारला. शिक्का मारल्यावर मग कोण शंका घेणार?

दहाच मिनिटांत दिव्यानीनं पुन्हा बिल्ड चालवला आणि दुसरा कागद आला. पुन्हा वाघ चार, पुन्हा हत्ती सात. फलकापाशी सोमाजीची बायको प्रेमिला मासळीची रिकामी टोपली घेऊन उभी होती.

"काजी मुखरूभाऊ, हे तेच चार होत का आणखी चार?"

मुखरूकाका जबाबदार माणूस होते. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरले, वेळ पाहिली आणि म्हणाले, "टाइम अलग आहे. म्हंजे आणखी चार."

प्रेमिलानं टोपली तिथेच टाकली आणि ती गावाकडे पळाली.

इकडे दिव्यानीला नवी शंका आली होती. चित्रांचा भार जास्त होत असेल का? करून पाहायला काय जातं, म्हणून तिनं वाघाच्या चारपैकी तीन चित्रं काढून टाकली आणि बिल्ड चालवला. कर्र-कर्र झालं. लाल अक्षरं आली. तिनं कपाळाला हात लावला.

बाहेर तोवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. मुखरूकाकांनी नवा कागद वाचला, "वाघ १ आले." मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "एकच? मंग बाकीचे कुठी गेले?"

हा प्रश्न विचारला गेला नसता तर फार बरं झालं असतं. सगळे एकमेकांच्या पाठीमागं पाहू लागले. शाळेमागच्या बांबूत काहीतरी हललं, असं एकाला वाटलं. दुसऱ्यानं त्याची शेपूट पाहिली. तिसऱ्याला तर डरकाळी ऐकू आली, पण ती चौकशीअंती राइस मिलच्या पट्ट्याची निघाली. बायका थाळ्या आणि उलथनी घेऊन आल्या. दिवाळीचे उरलेले फटाके निघाले. सोमाजी डाव्या हातात मशाल घेऊन आला, भर उन्हात पेटवलेली. आणि कुणीतरी फोन करून वनरक्षक अजय यालाही कळवलं.

अजय मोटरसायकलवर धूळ उडवत आला. त्यानं जोरात ओरडून सगळ्यांना ऑफिसच्या आवारात घेतलं. "कोणी तलावाकडे जाऊ नका! हत्ती कोणी पाह्यले? कुठी पाह्यले?"

"कागदावर," सगळे म्हणाले.

नेमक्या याच वेळी पाच गावांचे अध्यक्ष जीपमधून उतरले. समोर तीनशे माणसं, थाळ्या, मशाल, खाकी वर्दी. त्यांना वाटलं स्वागत आहे. एकानं तर हात जोडून नमस्कारही सुरू केला.

"आत व्हा, आत व्हा!" नानाजींनी त्यांना ढकलत ढकलत आत आणलं. शर्टाची घडी केव्हाच मोडली होती. "दिव्यानी, गावात वाघ आले व! तुह्या प्रोग्रामात दिसून राह्यले का?"

"बाबा, प्रोग्राम चालूच नाई ना झाला अजून!" दिव्यानी रडकुंडीला आली होती. "आणि वाघ कोणी पाह्यले?"

अजयनं फलकावरून उपटलेले कागद तिच्यापुढं टेबलावर ठेवले. "ऑफिसातून निघाले ताई. शिक्का आहे."

दिव्यानीनं पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यावरचा एकच वाघ पाहिला आणि तिला ओळख पटली. चित्रं मोजून झाली की 'आले' असं तिनंच तर लिहून ठेवलं होतं. वाघाची चार चित्रं आली, हत्तीची सात आली.

"अरे बापरे," ती म्हणाली. "हे माझे आहेत."

"वाघ?" अजयनं विचारलं.

"चित्रं! वाघाचे फोटो मोजले त्यानं. खरे वाघ नाईत, अजयभाऊ. एकही नाई." मग तिचे डोळे विस्फारले. "पण ही तर हरवलेली यादी आहे! तीन दिवसांपासून जिले शोधून राह्यली ते हीच! ही कागदावर कशी गेली?"

तिनं तर छापायला सांगितलंच नव्हतं. प्रोग्रामात छापण्याचा शब्दही नव्हता. गर्दीतून वाट काढत प्रेमिला पुढं आली. तिनं कागद उलटसुलट करून पाहिले.

"यात पक्षी काऊन नाईत व?" तिनं विचारलं. "तू म्हणे झाडं, पक्षी सारंच भरलं. इथी तर निसते जनावरं."

दिव्यानी जागच्या जागी थांबली. खरंच की! झाडांची यादी छापली गेली नव्हती, पक्ष्यांचीही नव्हती. फक्त प्राण्यांची. मग या यादीत असं वेगळं काय होतं? एक नाव सोडलं तर काहीच नाही. दिव्यानीला फाइलींच्या इंग्रजी नावातले स्वर खाण्याची खोड होती. म्हणून झाडांची यादी जेएचडी, पक्ष्यांची पीकेएसएच आणि प्राण्यांची...

"पीआरएन," ती मोठ्यानं म्हणाली.

"पीआरएन म्हंजे प्रिंटर ना व," दारातून मुखरूकाका सहज म्हणाले.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मुखरूकाका ओशाळले. "म्हंजे, आमी बल्लारपूरले कॉम्प्युटर क्लासले जावो ना, तवाची गोठ. काळा पडदा राहे. फाइलीच्या जागी पीआरएन लिवलं का कागद भायेर. मास्तर सांगे, हे नाव कोण्या फाइलीले देऊ नोका, ते मशीननं आपल्या प्रिंटरसाठी राखून ठेवलं. तुमाले नाई शिकवलं का कालेजात?"

कॉलेजात शिकवलं नव्हतं. दिव्यानीच्या लॅपटॉपला आणि फोनला हे नाव इतर नावांसारखंच एक होतं. विंडोजनं मात्र चाळीस वर्षांपूर्वीची ती राखीव जागा अजून कुणाला बसू न देता जपली होती. बिल्ड यादी लिहायचा, कॉम्प्युटर ती इमानदारीनं प्रिंटरला द्यायचा, आणि मग बिल्ड ती वाचायला गेला की तिथं काहीच नसायचं!

"काका!" दिव्यानी खुर्चीवरून उठून नाचलीच. "काका, तुमी देवमाणूस आहा!"

तिनं तीन अक्षरं खोडून 'प्राणी' हा शब्द सगळे स्वर घालून पुरता लिहिला. वाघाची तीन चित्रं परत आणली. बिल्ड सुरू केला. खिडकीत डोकी, दारात डोकी, टेबलाभोवती पाच अध्यक्ष. ऐंशी टक्के. नव्वद टक्के. नानाजींनी डोळे मिटले. एक्क्याण्णव! "गेलं, पुढं गेलं!" दिव्यानी किंचाळली. शंभर झाले तेव्हा काय झालं हे न कळताही लोकांनी थाळ्या बडवल्या आणि बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावून दिली.

मग रीतसर प्रात्यक्षिक झालं. अजयनं आवारात उभं राहून फोनवर अस्वलाच्या चित्रावर बोट ठेवलं. क्षणात सगळ्यांचे फोन वाजले, पडद्यावर नकाशा लाल झाला आणि भोंगा असा बोंबलला की जीपचा ड्रायव्हर झोपेतून उठून बसला. दिव्यानीनं विजयानं सगळ्यांकडे पाहिलं.

लोक प्रिंटरकडे पाहत होते.

"चिठ्ठी काऊन नाई आली?" प्रेमिलानं विचारलं.

"काकू, चिठ्ठी ते चूक होती. ते दुरुस्त केलं ना आता. आता फोनवर येते."

"घरात फोन एक, अन् तो यायच्या खिशात." प्रेमिलानं सोमाजीकडे बोट केलं. "रेंज राह्यली तर राह्यली. आज माह्या हातात फोन होता का? मी फलक पाह्यला, अन् आर्ध्या घंट्यात सारा गाव इथी. मागच्या साली असा कागद फलकावर असता ना, तर हे त्या दिवशी पाळीवर गेलेच नसते."

सोमाजीची मशाल कधीच विझली होती, तरी त्यानं ती डाव्या हातात तशीच धरली होती. पाचही अध्यक्ष एकमेकांकडे पाहत होते. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर घसा साफ करत म्हणाला, "नानाजी, पोरीचं काम लय भारी आहे. आमाले पायजे. पण ते चिठ्ठीवालं पायजे. शिक्क्यासकट."

"आमालेही चिठ्ठीवालंच," दुसरा म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या.

मुखरूकाका शिक्का रुमालानं पुसू लागले.

दुपारी आवारात पंगत बसली. तलावातल्या मासळीचा रस्सा, भात, आणि हसून हसून लोकांना लागलेल्या उचक्या. अजयलाही आग्रहानं बसवलं. 'वाघ चार' म्हणून भात वाढायचा आणि 'हत्ती सात' म्हणून रस्सा, असं पोरांचं चाललं होतं. प्रेमिला ताट घेऊन आत आली, तेव्हा दिव्यानी अजून कॉम्प्युटरपुढंच बसलेली होती आणि जनावर दिसल्याबरोबर त्याचं नाव, ठिकाण नि वेळ त्याच तीन राखीव अक्षरांकडे धाडायची ओळ लिहीत होती.

"जेव ना व पोरी. आता तं झालं ना दुरुस्त?"

"झालं होतं काकू," दिव्यानी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "आता परत बिघडवून राह्यली."