कानसेन आणि सूनबाईचा पियानो

"आज संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळेल, कान कुणाला आहेत आणि नुसती कानातली कुणाला!"

सकाळी सात वाजता दाढी करता करता कानसेनांनी आरशाला असं ठणकावलं. आरसा गप्प राहिला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हनुवटीला साबण राहिलाय."

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं गावातल्या पियानोंचे सूर लावून देणाऱ्या माणसाला गावाने बहाल केलेली ती पदवी. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी ते सांगत, "तुमच्या दाराची बिजागरी गेल्या खेपेपेक्षा अर्धा सूर उतरलीय." लोक कौतुकाने हसत आणि ते गेल्यावर बिजागरीला तेल घालत.

तर आज गावात पियानोचा दिवस होता. सात ठिकाणी सात पियानो, आणि सकाळी नऊपासून एकामागून एक मैफली. लोकांनी एकीतून उठायचं आणि चालत दुसरीकडे जायचं. हे सगळं जमवून आणलेलं ग्रंथपालबाईंनी. दरवर्षी सातही पियानोंचे सूर कानसेनच लावत. यंदा बाईंनी त्यांना पाच दिले आणि दोन दिले सूनबाईला!

"पाच म्हणजे दोनापेक्षा जास्तच की हो," बायको म्हणाली.

"कुठले पाच ते बघ! अग्निशमन केंद्र, दवाखाना, शाळा, बस डेपोचं कँटीन आणि पोहण्याच्या तलावाचं ऑफिस! आणि तिला? ग्रंथालय आणि नगरभवन! नगरभवनातला तो मोठा आडवा पियानो! झाकण उघडलं की जहाज निघाल्यासारखा दिसतो! मला सगळे उभे आणि तिला आडवा!"

"तुम्हीच शिकवलंत ना तिला?"

हीच तर खरी मेख होती! लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला पियानो आणि कपाट यांतला फरक दारांच्या संख्येवरून कळायचा. एके दिवशी ती सहज कामाच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, ही तार रडतेय का हो?" खरंच रडत होती. कानसेनांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला तिथंच बसवून घेतलं. पाच वर्षं शिकवलं. स्वतःच्या हाताने तिला तारा पिळायची चावी करून दिली, फेल्टचं मऊ लोकरी कापड कापून दिलं. आणि आता ग्रंथपालबाई फोनवर म्हणतात काय, "सूनबाई आहे ना घरात?" पूर्वी म्हणायच्या, "कानसेन आहेत ना?" जळफळाट होणार नाही तर काय होईल!

सूनबाई पहाटेच बाहेर पडली होती. कानसेनांनी सामानाची पिशवी उचलली आणि तेही निघाले. बेत सोपा होता. आपली कामं तर करायचीच, पण मधल्या वेळात सूनबाईचे दोन्ही पियानो ऐकायचे, त्यांतली चूक हेरायची आणि ग्रंथपालबाईंच्या कानावर घालायची. तेही हळहळत! "नवीन आहे हो पोर, होतं असं," या सुरात!

दिवसाची सुरुवातच फसली. अग्निशमन केंद्रात कानसेनांनी लावलेला पियानो असा काही वाजत होता की ते स्वतःच डोळे मिटून मान डोलवत होते. तेवढ्यात घंटा घणाणली! खुर्च्या उलथल्या, जवान धावले, बंब बाहेर पडला. एका मिनिटात श्रोत्यांत उरले कानसेन आणि एक झोपलेलं मांजर. आग कसली? कुणाच्या तरी चुलीवर भांडं करपलं होतं!

अकरा वाजता ते ग्रंथालयात गेले. इथला पियानो सूनबाईचा. पहिल्या रांगेत बसून त्यांनी मान अशी पुढे काढली की वाजवणाऱ्या मुलीला वाटलं, आजोबांना चक्कर येतेय. पाऊण तास ऐकलं. चूक नाही! एकही नाही! शेजारच्या गृहस्थांनी कुजबुजत विचारलं, "काय गोड लागलाय हो! तुम्हीच लावलात ना?"

"घसा दुखतोय माझा," असं काहीतरी भलतंच सांगून कानसेन उठले.

आता उरलं नगरभवन. तिथली मैफल चारला. मोठा पाहुणा वादक खास बाहेरगावाहून आलेला. दुपारी एकला सगळे जेवायला पांगले तेव्हा कानसेन मागच्या दाराने आत शिरले. पहारेकरी ओळखीचा. म्हणाला, "या, कानसेन! यंदाही तुमचाच ना?"

कानसेन नुसतेच खोकले.

रिकामं सभागृह. मधोमध तो काळाभोर, चकचकीत पियानो. कानसेनांनी एक पट्टी दाबली. मग दुसरी. मग खालपासून वरपर्यंत सगळ्या. सूर असे निघाले, जणू स्वच्छ धुवून, इस्त्री करून ओळीने ठेवलेत! कानसेनांनी पट्ट्यांवरून हात काढून घेतला. असा पियानो त्यांनी स्वतः कधी लावला होता? दहा वर्षांपूर्वी, कदाचित.

"एकेक तार तपासतो. कुठेतरी असणारच!"

आता पियानोत एका सुराला तीन तीन तारा असतात. एकच तार ऐकायची तर बाजूच्या दोघींना गप्प करावं लागतं. त्यासाठी फेल्टची लांब फीत तारांच्या मधे खोचत न्यायची. कानसेनांनी पिशवीतून फीत काढली आणि पियानोच्या बरोबर मधल्या भागात खोचून दिली. चावी न लावता ते नुसतं ऐकत होते, एवढं मात्र खरं. जळत असले तरी दुसऱ्याने लावलेला सूर बिघडवणाऱ्यांतले ते नव्हते.

तोच दाराबाहेर बायकांचे आवाज आले. ग्रंथपालबाई आणि सूनबाई! कानसेनांनी पिशवी छातीशी धरली आणि थेट रंगमंचाच्या पडद्यामागे! साठी उलटलेला माणूस, पण उडी अशी की मांजराने वही काढून टिपून घ्यावी!

"काय लावलायस गं!" बाई म्हणत होत्या. "पाहुणे सकाळी वाजवून बघून गेले, खूश आहेत. पुढच्या वर्षी सातही तूच घे."

पडद्यामागे कानसेनांनी पिशवी आणखी घट्ट आवळली.

"नको हो," सूनबाई म्हणाली. "बाबांना वाईट वाटेल. आताच त्यांचं जेवणात लक्ष नसतं."

दया! सुनेची दया! त्यापेक्षा तिने सरळ 'घेते' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पडद्यामागे धुळीत उभे राहून कानसेन कढत राहिले. दोघी फुलदाणी ठेवून गेल्या, तसे हे तणतणत मागच्या दाराने बाहेर पडले आणि दवाखान्याकडे चालू लागले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. बाबांना वाईट वाटेल! वाटेल काय? वाटतंयच!

साडेतीनला दवाखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये मैफलीआधी ते पियानोवरून शेवटचा हात फिरवायला बसले. पिशवीत हात घातला. चावी होती. चष्मा होता. फीत? त्यांनी पिशवी बाकावर पालथी केली.

"काय हरवलं?" पायाला प्लास्टर घातलेल्या एका आजींनी विचारलं.

"इज्जत!" कानसेन ओरडले आणि धावत सुटले.

नगरभवनाशी पोचेपर्यंत चार वाजायला दोन मिनिटं होती. सभागृह गच्च भरलेलं. झाकण उघडून टेकवलेलं. फीत गडद रंगाची, त्यात पुढे वही ठेवायचा पाट उभा केलेला, त्यामुळे कुणालाच काही दिसत नव्हतं. कानसेन रांगांमधून रंगमंचाकडे सुटले, पण तिसऱ्या रांगेतून एका हाताने त्यांचा कोट पकडला. तो हात बायकोचा होता. चौतीस वर्षं पियानो सरकवायला मदत केलेला हात!

"कुठे निघालात?"

"तो पाट... जरा सरळ करून येतो."

"सगळं सरळ आहे! तिच्या दिवसात लुडबूड नको. खाली बसा!"

ते बसले. पाहुणे आले, वाकले आणि वाजवू लागले.

मधल्या सगळ्या सुरांचा आवाज एक तृतीयांश झालेला! शेजारच्या घरात कुणीतरी दार लावून वाजवतंय, असं वाटत होतं. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. कानसेनांनी डोळे मिटले. आता थांबणार. आता उठणार. आता हुर्यो!

पण पाहुणे थांबले नाहीत. आणखी हळू वाजवू लागले. बोटांच्या टोकांनी, जपून, झोपलेल्या बाळाला उचलावं तसं. लोक खुर्च्यांत पुढे सरकले. खोकणारे खोकायचे थांबले. कानसेनांनी एक डोळा उघडून पाहिलं तर शेजारी बायको पदराने डोळे पुसत होती!

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांनी छत हललं. पाहुणे उठून म्हणाले, "वीस वर्षं वाजवतोय, पण इतकं हळवं कधी वाजवलं नव्हतं. हा आवाज कुणी लावला?"

ग्रंथपालबाईंनी सूनबाईला हाताला धरून वर नेलं. पुन्हा टाळ्या!

आणि आता कानसेनांचं काय झालं म्हणता? लाज वाटायला हवी होती ना? वाटली, पण दुसऱ्या नंबरावर! पहिली वाटली ती जळजळ. फीत माझी, आणि टाळ्या तिला? ते अर्धवट उठलेसुद्धा.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मुंग्या आल्या," म्हणून ते बसले.

वर सूनबाई मात्र हसत नव्हती. तिचे कान त्यांनीच तयार केलेले, तिला काय कळलं नसेल? ती वाकून पियानोत बघत होती आणि चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

लोक पांगल्यावर कानसेन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने सूनबाई आली. मुठीत फीत होती.

"बाबा," तिला हुंदकाच आला. "माझी फीत आत राहिली! सकाळी लावून झाल्यावर काढायचीच विसरले. पाहुण्यांनी सकाळी वाजवला तेव्हा नव्हती असं वाटत होतं, पण मग आली कुठून? माझीच असणार. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी चोरासारखी उभी होते. बाईंना सांगून टाकते. हे काम माझं नव्हे. पुढच्या वर्षी सगळे पियानो तुम्हीच घ्या."

दोघांच्या फिती घरातल्या एकाच ताग्यातून कापलेल्या. ओळखणार कोण? कानसेनांनी नुसतं "असू दे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. सातही पियानो! आडवासुद्धा! तो विचार त्यांनी जिभेवर घोळवला. खोटं कशाला सांगू, चांगला मिनिटभर घोळवला.

मग त्यांचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. चावी फिरवून फिरवून तर्जनीला घट्टा पडला होता. त्यांच्या स्वतःच्या बोटाला होता, अगदी त्याच जागी.

"फीत माझी आहे," ते म्हणाले.

"असं माझ्यासाठी म्हणू नका, बाबा."

"तुझ्यासाठी कशाला म्हणेन? दिवसभर जळतोय मी तुझ्यावर! दुपारी येऊन मीच खोचली आणि तुम्ही आलात म्हणून पडद्यामागे पळालो!"

सूनबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. "पण खोचली कशाला?"

"तुझी चूक शोधायला."

मागे दार करकरलं. ग्रंथपालबाई आणि बायको कधीच्या येऊन उभ्या होत्या. पाहुणेही होते. सूनबाईने डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "मग? सापडली?"

चौतीस वर्षांत कानसेनांनी गावातल्या प्रत्येक पियानोत, प्रत्येक घंटेत, प्रत्येक बिजागरीत काही ना काही खोट काढली होती. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आणि पुटपुटले, "नाही."

"मोठ्याने बोला," बायको म्हणाली, "पाहुण्यांना ऐकू आलं नाही!"