सखाआबांची सनई

आमच्या गावात पुरुषांच्या तोंडात तंबाखू असायची आणि सखाआबांच्या तोंडात सनईची फुंकायची पात. वाजवण्याआधी ती भिजवावी लागते, म्हणून हा गृहस्थ नांगर धरतानासुद्धा ती गालात ठेवायचा. काही विचारलं की पात या गालातून त्या गालात जायची आणि उत्तर यायचं, "थांब, भिजतीया." एकदा पौडच्या बाजारात बैलाचा भाव करता करता त्यांनी ती गिळली. पुढं घरात जी धावपळ झाली ती लिहिण्यासारखी नाही.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी नांदायला आले, तेव्हा मुळशीत वीजबीज कुठली! संध्याकाळी गोठ्यातून सनई यायची आणि मागोमाग थोरल्या भावाच्या शिव्या. आबांचं घर खाऊनपिऊन सुखी, भाताच्या खाचरांचं. सनई हे वाजंत्र्यांचं काम. थोरले ओट्यावरून ओरडायचे, "आपण वाजवून घ्यायचं सख्या, वाजवायचं न्हाई!" एक सनई तर त्यांनी चुलीत घातली. आबांनी दुसरी आणून भाताच्या कणगीत लपवली.

"आबा, कशाला एवढं ऐकून घेता?" मी एकदा विचारलं.

"देवानं फुंकरीत घातलंय गं," ते म्हणाले. "आत ठेवलं तर जीव गुदमरतो."

त्यांची बायको लेकीच्या लहानपणीच गेली. लेक सुंदरा तिन्हीसांजेला आई मागायची, रडून गोठा डोक्यावर घ्यायची. आबा तिला मांडीशी निजवून सनई वाजवायचे. दुसरी अंगाई त्या पोरीला माहीतच नव्हती.

सुंदरा लग्नाची झाली आणि सनई आड आली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी पसंत करायचे आणि वेशीवर कुणीतरी सांगायचं, बाप वाजंत्री आहे. स्थळ गेलं. दुसरंही तसंच गेलं. मग थोरल्यांनी आबांना देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला. पोरगी गाडीत बसून वेशीबाहेर पडेपर्यंत सनईला हात लावायचा नाही, ही शपथ. आबांनी उचलला. त्या दिवसापासून गालात पात नाही. माणूस निम्मा दिसायला लागला. मला थोरल्यांचा असा राग यायचा, पण सुंदराकडं बघून गप्प बसायचे.

भरे गावचं स्थळ जमलं. मांडवात पौडचा वाजंत्री सनई वाजवत होता, म्हणजे बकरं ओरडावं तसा. अक्षता हातात धरून उभ्या असलेल्या आबांचे गाल आपोआप फुगायचे आणि बसायचे. विहीणबाई मला हळूच म्हणाल्या, "इवाईबुवांची दाढ दुखतीया का वो?"

पाठराखीण म्हणून सुंदराबरोबर मीच गेले. पाठवणीच्या वेळी आबा कुठं दिसेनात. पोर मान वळवून वळवून बघत होती. बैलगाडी वेशीबाहेर पडून पौडच्या अलीकडच्या खिंडीत शिरली आणि वरच्या टेकाडावरून सनई आली. इतके दिवस कोंडलेलं सगळं त्या माणसानं एकदम सोडलं होतं. बैलसुद्धा सावकाश चालायला लागले. सुंदरानं पदराखाली माझा हात असा आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या.

"कोन गं वाजवतंय?" गाडीत समोर बसलेल्या तिच्या सासूनं विचारलं.

बाप सनई वाजवतो हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. सुंदरा खाली मान घालून म्हणाली, "गुराखी असंल."

"गुराखी आन् सनई?"

"आमच्याकडचे वाजवत्यात."

पुढं भरे येईपर्यंत ती रडत होती. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडतेय.

मी परत आले, तर आबा माझ्या दारातच उभे. "आली का ऐकू?" मला त्यांच्याशी खोटं बोलवेना. जे झालं ते सगळं सांगितलं. ते तसेच उंबऱ्याशी बसले. मग म्हणाले, "शानी हाय पोर. तितं नांदायचंय तिला."

पुढच्या बाजाराहून आबा दोन शेळ्या घेऊन आले. थोरले कपाळाला हात लावून म्हणाले, "गोठ्यात एवढी दावण असताना ह्या कशाला?"

"पोरीनं सासरी सांगितलंय, गुराखी वाजवतो म्हनून," आबा म्हणाले. "मग शेळ्या नकोत व्हय?"

तेव्हापासून आबा रोज शेळ्या घेऊन खिंडीत जायचे. डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन वाजवत बसायचे. भरेची गाडी दिसली की रस्त्याकडं पाठ करायचे, पण सनई थांबवायचे नाहीत. गाडीत सुंदरा असली, तरीसुद्धा वळून बघायचे नाहीत.