ना-साबण दाखला

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या दक्षिणी हितवर्धक मंडळाची कोथिंबीर-वडी स्पर्धा दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होते, आणि एकोणीस वर्षं तिचे परीक्षक दत्ताजीराव होते. दत्ताजीरावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. ते स्वतः रेल्वेत पार्सल खात्यात होते, पण वडी खाताना फौजेतलेच वाटत. वडी समोर आली की ते पाठ ताठ करत, डोळे मिटत, एक दीर्घ श्वास घेत आणि मगच घास तोंडात ठेवत. गिळून झाल्यावर काही वेळ कोणाशी बोलत नसत. एवढ्या एकाग्रतेने चव घेणारा परीक्षक सबंध गुजरातेतल्या मराठी मंडळांमध्ये नाही, असं मंडळाच्या वार्षिक अहवालात दोनदा छापून आलं होतं.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी ते पोहे खात होते. समोर त्यांची नात ऋचा परीक्षेचा अभ्यास करत होती. ती युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकते आणि तिला मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. "वास ओळखणारं एक जनुक काही लोकांमध्ये थोडं वेगळं असतं," ती वाचत होती. "कोथिंबिरीतली काही द्रव्यं साबणातल्या द्रव्यांसारखी असतात. त्यामुळे अशा लोकांना कोथिंबिरीला साबणाची चव लागते."

दत्ताजीरावांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे इतरांना लागत नाही?"

"काय लागत नाही, आबा?"

"साबण."

ऋचाने पुस्तक मिटलं. मग पुढची पंधरा मिनिटं तिने काळजीपूर्वक विचारपूस केली आणि त्यातून असं निष्पन्न झालं, की बहात्तर वर्षं दत्ताजीरावांची अशी समजूत होती की कोथिंबीर सगळ्यांनाच साबणासारखी लागते आणि लोकांना ते आवडतं. लहानपणी त्यांनी एकदा आईला तसं सांगितलं होतं. आई म्हणाली होती, मोठा झालास की आवडायला लागेल. त्यांनी वाट पाहिली.

"आणि तुम्ही स्पर्धेत नंबर कसे देत होता?"

"जिच्या वडीत साबण कमी," दत्ताजीराव म्हणाले, "तिला पहिला."

दत्ताजीराव सरळ माणूस. दुपारीच त्यांनी परीक्षकपदाचा राजीनामा लिहिला, कारण खरं खरं नमूद केलं आणि कागद घेऊन मंडळाचे कार्यवाह जनार्दनराव यांच्याकडे गेले.

जनार्दनराव मकरपुऱ्याच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत. त्यांनी राजीनामा दोनदा वाचला आणि मंडळाची घटना काढली. "पदाधिकाऱ्याने पद सोडण्याची तीन कारणं दिली आहेत," ते म्हणाले. "मृत्यू, स्थलांतर आणि बुद्धिभ्रंश. यातलं एखादं चालेल का?"

"नाही," दत्ताजीराव म्हणाले.

"मग राजीनामा घेता येणार नाही. पण तुम्ही माहिती दिलीत, ते बरं झालं. कारखान्यात मोजपट्टी चुकीची निघाली, तर तिने मोजलेला सगळा माल आम्ही रोखून धरतो. इथंही तेच करावं लागेल."

मोजपट्टी म्हणजे आपण, हे घरी पोहोचल्यावर दत्ताजीरावांच्या लक्षात आलं. माल म्हणजे काय, ते आठवड्याने कळलं. एकोणीस वर्षांचे सर्व निकाल अनिश्चित काळासाठी राखून ठेवण्यात आल्याचं पत्र निघालं आणि सर्व विजेत्यांनी आपापल्या ढाली 'आहे त्या स्थितीत, पुसून' मंडळाकडे जमा कराव्यात, असा आदेश झाला.

एकोणीसपैकी आठ ढाली एकट्या पद्माताईंकडे होत्या. पद्माताईंचे यजमान कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर त्या ढाली एका रांगेत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या डावीकडून उजवीकडे दाखवल्या जात. पत्र मिळालं त्याच दिवशी त्या ढालींनी भरलेली कापडी पिशवी घेऊन मंडळाकडे निघाल्या, पण वाटेत वळल्या आणि दत्ताजीरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मला एकच विचारायचंय," बसायच्या आधी त्या म्हणाल्या. "माझी वडी तुम्हाला साबण लागायची?"

"सगळ्यांत कमी लागायची," दत्ताजीराव म्हणाले. "पद्माताई, खरं सांगतो, मी दरवर्षी तुमच्या ताटलीची वाट बघायचो. ती आली की जरा सुटल्यासारखं व्हायचं."

पद्माताई खुर्चीत बसल्या. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली होती. ऋचाने पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी ती वडी कधी खाल्लेली नाही."

"का?"

"मलाही साबण लागतो म्हणून. सासरी आले त्या पहिल्याच आठवड्यात आमटीवरची कोथिंबीर ताटाच्या कडेला सारली, तर सासूबाईंनी विचारलं, माहेरी काय कोबीवर दिवस काढलेत का. तेव्हापासून गिळते. वडीत कोथिंबीर रंगापुरती घालायची, बाकी बेसन, तीळ, थोडा ओवा. चव ह्यांना बघायला सांगायची. मला वाटायचं, माझ्याच जिभेत काहीतरी खोट आहे, आणि ती झाकून मी नंबर मिळवतेय."

"मलाही तसंच वाटलं असतं," दत्ताजीराव म्हणाले. "पण मला वाटायचं, सगळेच झाकतात."

दोघंही हसले. पण ढाली जमा करायच्याच होत्या. त्या पद्माताईंनी जाऊन जमा केल्या आणि पावती घेतली.

इकडे मंडळासमोर प्रश्न असा, की नवा परीक्षक नेमायचा तर तो साबणवाला नाही, हे सिद्ध कसं करायचं. जनार्दनरावांनी त्यासाठी ना-साबण दाखल्याची पद्धत आखली. मंडळाच्या प्रत्येक सभासदाने अर्जासोबत दोन फोटो जोडून चाचणीला बसायचं. कोथिंबिरीचं एक पान चावायचं, चव कागदावर लिहायची. साबण लिहील तो 'जिव्हादृष्ट्या अपात्र'. त्याला परीक्षकही होता येणार नाही आणि स्पर्धेत भागही घेता येणार नाही. दाखला मिळालेल्या जुन्या विजेत्यांना मात्र ढाली परत मिळणार. सभासदांनी कुरकूर केली, पण लवकरच ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली होती ते दाखल्याची चौकशी स्वतःहून करू लागले. एका स्थळाकडून तर पत्रिकेबरोबर दाखल्याचीही मागणी झाल्याचं कळलं. मुलाकडच्यांचं म्हणणं, आमचं काही नाही, पण घरात रोज कोथिंबीर लागते.

चाचणीसाठी कोथिंबीर मागवायची होती. जनार्दनरावांच्या कारखान्यात कुठलीही वस्तू नुसत्या नावाने मागवत नाहीत. त्यांनी मंडईतल्या भाजीवाल्या बाईंना टंकलिखित मागणीपत्र दिलं: 'हरित पाला, ताजा. पानांची कड झालरदार. देठ बारीक व कोवळे. वजन पाच किलो.' वस्तूच्या नावाचा रकाना नमुन्यातच नव्हता.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पद्माताई पुन्हा दत्ताजीरावांकडे आल्या. "मी 'उत्तम' लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं गिळलं, अजून एक पान गिळेन. माझ्या ढाली परत मिळतील. तुम्हाला आवडणार नाही, पण सांगून टाकलं."

"मला काय वाटायचंय," दत्ताजीराव म्हणाले. "मी एकोणीस वर्षं तेच केलं."

रविवारी मंडळाच्या सभागृहात दोनशे चौदा सभासद बसले. ताटं फिरली. पद्माताईंनी पान तोंडात टाकलं, सवयीने श्वास रोखला आणि चावलं. काही झालं नाही. त्यांनी आणखी चावलं. गवतासारखी, जराशी गोडसर अशी काहीतरी चव होती. साबणाचा पत्ता नव्हता. त्यांनी मान वळवून पलीकडच्या रांगेत पाहिलं. दत्ताजीरावही पान चघळत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, जत्रेत हरवलेल्या माणसाच्या असतो तसा गोंधळ होता.

पद्माताई कागद पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. 'उत्तम' हा शब्द लिहायला किती वेळ लागतो. तो लिहिला की ढाली टीव्हीवर आणि प्रश्न मिटला. आणि हे दुसरंच काही आहे असं लिहावं, तर कोथिंबीर कशी लागते हे तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारणारच. शेवटी त्यांनी लिहिलं, 'ही कोथिंबीर नव्हे,' आणि खाली सही केली. कागद देऊन परत चालताना त्यांना हलकं वाटत होतं.

निकाल लागला. दोनशे बारा कागदांवर 'उत्तम', 'सुगंधी', 'अस्सल' असे शेरे होते. एका ज्येष्ठ सभासदाने 'अशी कोथिंबीर आता मिळत नाही' असं लिहिलं होतं. दोन कागदांवर लिहिलं होतं, की ही कोथिंबीर नव्हे.

कार्यकारिणीने दत्ताजीराव आणि पद्माताईंना बोलावून घेतलं.

"तुम्ही दोघांनी एकाच अर्थाचं लिहिलंय," जनार्दनराव म्हणाले. "ही संगनमताची बाब आहे का?"

"नाही," दत्ताजीराव म्हणाले. "त्या पानाला साबण लागला नाही, म्हणून आम्ही तसं लिहिलं. आम्हाला कोथिंबीर ओळखायला तेवढी एकच खूण आहे."

"पण दोनशे बारा जणांना ती कोथिंबीर लागली. त्यात कार्यकारिणीचे अकराही सभासद आले."

"एकदा बाजारातून खात्री करून घ्या," पद्माताई म्हणाल्या.

जनार्दनरावांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच्या कागदावर 'उत्तम, सुगंध प्रमाणात' असं लिहिलं होतं. "खात्री करून घेतली आणि तुमचं बरोबर निघालं," ते सावकाश म्हणाले, "तर दोनशे बारा जण अपात्र ठरतात. मग मंडळात राहतं कोण? तुम्ही दोघं. आणि तुम्ही तर आधीच अपात्र आहात."

म्हणून ठराव झाला, की सदर पाला कोथिंबीर होता असं समजण्यात यावं. शिवाय यापुढे वाद नको म्हणून स्पर्धेला लागणारी कोथिंबीर मंडळानेच पुरवावी, आणि ती त्याच बाईंकडून, त्याच मागणीपत्राने, म्हणजे ती प्रमाणित राहील. पद्माताईंच्या ढाली मंडळाच्या कपाटात गेल्या आणि कपाटाला सील लागलं.

स्पर्धेच्या दिवशी तीस ताटल्या मांडल्या होत्या. परीक्षक स्वतः जनार्दनराव होते आणि त्यांनीही डोळे मिटण्याची प्रथा पाळली. पद्माताई आणि दत्ताजीराव प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत होते. ऋचा आग्रह करून दोघांना घेऊन आली होती. वाटपाची वडी आली तशी दत्ताजीरावांनी पाठ ताठ केली, घास घेतला आणि मग हळूच पाठ सैल सोडली. त्यांनी ती वडी पूर्ण खाल्ली. दुसरी मागून घेतली. बहात्तर वर्षांत प्रथमच ते दुसरी वडी मागत होते. पद्माताईंनी तीन खाल्ल्या आणि त्या म्हणाल्या, "तीळ कमी पडलेत."

पहिला क्रमांक जाहीर होत असताना भाजीवाल्या बाई आपले रिकामे टोपले न्यायला आल्या. रीत म्हणून कोणीतरी त्यांच्या हातावर वडी ठेवली. त्यांनी ती खाल्ली, मान डोलावली आणि जनार्दनरावांना म्हणाल्या, "सरस छे, भाई. गाजरनां पाननी पण आवी वडी बने, ए मने खबर नहोती."

सभागृहात गुजराती सगळ्यांनाच समजतं. गाजराच्या पानांचीही अशी वडी होते हे मला माहीत नव्हतं, या वाक्याचं भाषांतर कोणी केलं नाही आणि कोणी वरही पाहिलं नाही. जनार्दनरावांनी खिशातून मागणीपत्राची प्रत काढून वाचली. हरित, ताजा, झालरदार, बारीक देठ. पुरवठ्यात कसलीही त्रुटी नव्हती.

एवढं झाल्यावर मंडळाने चूक कबूल केली असं नाही, पण दुरुस्ती केली. पद्माताईंच्या ढाली सील तोडून परत मिळाल्या. त्यांनी त्यातली पहिली टीव्हीवर ठेवली आणि बाकीच्या कपाटात. आता पुसायला कमी लागतं, म्हणाल्या. खरी कोथिंबीर ओळखणारे सबंध मंडळात दोघंच आहेत हे सिद्ध झाल्यामुळे दत्ताजीरावांना प्रमाणित तपासनीस आणि पद्माताईंना पर्यायी तपासनीस नेमण्यात आलं. आलेल्या प्रत्येक जुडीतलं एक पान त्यांनी चावायचं. तोंड वाकडं झालं, की जुडी पास. मानधन म्हणून दोघांना स्पर्धेच्या दिवशी जेवण आहे, त्यात कोथिंबीर न घालण्याचा स्वतंत्र ठराव आहे. दोघंही खूश आहेत. तोंड वाकडं करून दाखवण्याची परवानगी मिळणं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

उरले दोनशे बारा. त्यांच्यापैकी प्रत्येक जण आता खासगीत सांगतो, की पान चावताच मला शंका आली होती, पण बाकीचे काही बोलेनात. हे वाचताना आपल्यालाही वाटलं असेल, की आपण असतो तर नक्की ओळखलं असतं. पुढच्या जानेवारीत चाचणी बाहेरच्यांनाही खुली आहे. आपण अवश्य यावं. पेन मंडळातर्फे मिळेल, आणि शेजारच्याचा कागद मान न वळवता वाचता येईल इतक्या जवळ खुर्च्या मांडलेल्या असतील.