खडकमाळात चीनचा हात

सरपंच बायडाबाईंना त्या दिवशी एकच घाई होती, अकराच्या आत घर गाठायची. अकराला त्यांच्या नातीचा, शुभांगीचा, मोबाईलवरून इंटरव्ह्यू होता. कंपनी पुण्याची, जमिनीखालून इंटरनेटची केबल टाकणारी. नगरला डिप्लोमा करून पोरगी दीड वर्ष घरी बसली होती. आधीच्या दोन कंपन्यांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं आणि त्या अजून कळवतच होत्या. याही वेळी जमलं नाही तर सरळ लग्न उरकून टाकायचं, असं तिच्या बापाने परवाच बजावलं होतं. तेव्हापासून बायडाबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

आणि इकडे ग्रामपंचायतीसमोर साडेदहा वाजले तरी नव्या केबलच्या भूमिपूजनाची कुदळ काही पडेना, कारण ठेकेदार छगनशेठ माईक सोडेनात. गावातली पहिली केबल दोन वर्षांपूर्वी त्यांनीच टाकली होती. आता नव्या योजनेतली दुसरी केबलही तेच टाकणार होते.

"मंडळी, जुन्या लाईनीचा भितीवरला नेटचा डबा चीनचा हाय!" शेठ गरजले. "तुमी हितं फोनवर बोलता, आन् तिकडं बीजिंगात त्यांना ऐकू जातं! आता लढाई रणात ऱ्हायली न्हाई, केबलीवर आलीया. अमेरिका म्हनती जगाला वायर मी घालनार, चीन म्हनतो मी घालनार. समुद्राच्या तळाला जाऊन एकमेकाच्या वायरी तोडत्यात! पन आपली नवी केबल देशी हाय. कुनाच्या बापाला तुटायची न्हाई!"

टाळ्या पडल्या. बायडाबाई हळूच म्हणाल्या, "शेठ, आवरा की. पोरीचा इंटरव्ह्यू हाय."

"झालंच, बाई. फकस्त फोटो."

फोटोसाठी उन्हाचा त्रास नको म्हणून शेठनी खुणेची जागा सोडून लिंबाच्या सावलीत बोट दाखवलं. आता भूमिपूजनाची कुदळ मारायची एक रीत असते. नारळ फुटतो, झेंडूची माळ बांधलेली कुदळ पाहुणा हातात घेतो, ती मातीला नुसती टेकवतो आणि तोंड कॅमेऱ्याकडे करून हसतो. मातीला काही होत नाही, पाहुण्यालाही होत नाही. पण बायडाबाईंची हयात विहिरी खोदण्यात आणि रोजगार हमीच्या कामावर गेलेली. कुदळ हातात आली की त्यांना खोटं खोटं खणता येत नसे. त्यांनी पदर खोचला, तळहातावर थुंकी टाकली आणि खाडकन घाव घातला.

"बाई, वर बघा की! तोंड न्हाई आलं फोटोत," ग्रामसेवक महेंद्र म्हणाला. तो एका हाताने फोटो काढत होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून सोहळा गावच्या ग्रुपवर थेट दाखवत होता. "अजून एक मारा."

बायडाबाईंनी अजून एक मारला. त्यात महेंद्रचंच बोट आलं. मग एक शेठसोबत, एक सदस्यांसोबत. पाचव्या घावाला खालून 'कच्' असा आवाज आला.

"लिंबाची मुळी असंल," म्हणत बायडाबाईंनी मुळी पुरती तुटावी म्हणून आणखी एक दणका दिला.

"नेट गेलं!" महेंद्र ओरडला.

छगनशेठनी खड्ड्यात एकवार डोकावून पाहिलं आणि ते पटकन खड्ड्यावरच उभे राहिले. लगेच माईक घेऊन म्हणाले, "बघा! म्या काय म्हनलो? नवी लाईन येतीया म्हनल्याबरोबर चीननं डाव साधला!"

मग काय विचारता! गाव पेटलं. कुणी चीनचा डबा भिंतीवरून उपटून आणला, कुणी तो जाळायला रॉकेल शोधू लागला. डबा सरकारी असल्यामुळे जाळता येणार नाही, असं महेंद्रने समजावलं आणि त्याऐवजी निषेधाचा ठराव लिहिला. 'चीनने खडकमाळ गावची केबल तोडल्याबद्दल' असा तो एकमताने मंजूर झाला. पहिली सही सरपंचांची. वाजले होते अकराला पाच कमी.

तेवढ्यात शुभांगी धापा टाकत आली. डोळे भरलेले. "आजी, नेट गेलं गं! आता काय करू?"

"चीननं तोडलं, पोरी," चारपाच जणांनी सांगितलं.

शुभांगीने डोळे पुसले आणि शेठच्या पायाखालची ताजी उकरलेली माती पाहिली. "शेठ, जरा बाजूला व्हा."

शेठ हलेनात. बायडाबाई कुदळ घेऊन दोन पावलं पुढे आल्या, तेव्हा हलले. शुभांगीने खड्ड्यात हात घालून काळ्या केबलची दोन टोकं वर काढली.

"आगं बाई गं!" बायडाबाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं की म्या!"

"बाई, गप ऱ्हावा," शेठ कानाशी कुजबुजले. "ठराव झालाय. चीनच ऱ्हाऊ द्या."

मोबाईलला रेंज गावात एकाच ठिकाणी यायची, पाण्याच्या टाकीवर. शुभांगी शिडी चढली. पाठोपाठ कासोटा सावरत बायडाबाई. धड रेंज मिळेस्तोवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली. पडद्यावर कंपनीच्या सिल्व्हिया मॅडम दिसल्या, कपाळाला आठ्या घालून.

"वीस मिनिटं उशीर. आज सकाळपासून तुम्ही तिसऱ्या. एकाची केबल म्हणे समुद्रात तुटली, एकावर परदेशातून हल्ला झाला. तुमच्याकडे कोणता देश?"

"कोणताच नाही, मॅडम," शुभांगी म्हणाली. "केबल माझ्या आजीने तोडली."

"काय?"

बायडाबाईंनी तोंड मध्ये घातलं. "व्हय बाईसाहेब, म्याच तोडली. ठरावात चीन लिवलाय, पन त्यो खोटा हाय. पोरीचा काय दोष न्हाई. भूमिपूजनाची कुदळ मारली आन् तुटली."

"आजी, शक्यच नाही. तुमच्याकडची लाईन आमचीच आहे. ती पाच फूट खोल आहे. ठेकेदाराने तसं लिहून दिलेला कागद आहे माझ्यासमोर."

"पाच फूट? पाच फुटाला म्या हिरीचं काम म्हनते! आवो, ईतभर हुती. लिंबाच्या मुळीच्या बी वर!"

मॅडम पडद्यावर त्या कागदात डोकं खुपसून बसल्या. रेंज गेली असं वाटून बायडाबाईंनी मोबाईलवर चापट मारली.

"शुभांगी," मॅडमचा आवाज आला, "मोजायची टेप आहे?"

"आहे."

"मग खाली उतरा. दहा ठिकाणी उकरून मोजा आणि फोटो पाठवा. हाच तुमचा इंटरव्ह्यू."

आजीने उकरलं, नातीने मोजलं. शाळेसमोर सात इंच, लिंबाखाली आठ, वेशीजवळ नऊ. पारनेर रस्त्याला तर केबल उघड्यावर होती आणि तिच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. शुभांगीने गोधडीसकट फोटो काढला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. शुभांगीची नेमणूक झाली होती. काम, ठेकेदारांनी टाकलेल्या केबलची खोली तपासणे. बायडाबाईंनी पत्र तीनदा वाचून घेतलं आणि रडून घेतलं. पोरीच्या बापाने लग्नाचा विषय काढलाच नाही.

संध्याकाळी छगनशेठ पेढे घेऊन हजर.

"बाई, अभिनंदन! तेवढं पोरीला सांगा, चीननं तोडल्याचा ठराव एकमतानं झालाय म्हनावं. तुमची सही हाय त्यावर."

"सांगितलं की," पेढा तोंडात टाकत बायडाबाई म्हणाल्या. "ती म्हनली, लिंबाखाली केबल आठ इंचावर घावली. तवा वरची चार फूट चार इंच माती बी चीननंच नेली का, तेवढं शेठला इचारून ठेव."