मल्लप्पांचा उघडा उंबरा

त्या रविवारी सकाळी मल्लप्पा बिराजदारांनी भाषणाची तयारी बेसिनवरच्या आरशासमोर न करता हॉलमधल्या पडद्यासमोर करायचं ठरवलं. एवढंच ठरवलं त्यांनी. बेसिनवरच्या आरशात एका वेळी एकतर मिशा दिसायच्या नाहीतर टक्कल, आणि पडद्यात मात्र माणूस पोटापर्यंत झकास दिसायचा.

हा पडदा म्हणजे त्यांच्या मुलीचा, काव्याचा पराक्रम. काव्या पुण्यात ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझायनर होती. सुरुवातीला मल्लप्पा ही गोष्ट जरा दडवूनच ठेवत. डिझाइन म्हटलं की बँकेतल्या बायका ब्लाउजच्या गळ्यांबद्दल विचारायच्या. थोरले बंधू चन्नप्पांनी तर पोरगी चादरीवरचे मोर काढते काय, असं चारचौघांत विचारलं होतं. (सोलापुरात हा काही अपमान नव्हे, पण मल्लप्पांना झोंबला.)

मग कंपनीनं ‘उंबरा’ आणला. भिंतीवर पाटाएवढा पडदा, त्यावर दाराचं चित्र. दारावरून बोट सरकवलं की दार उघडायचं, आणि मग नात्यातलं कुणीही आपापल्या घरी बसून तुमच्या घरात डोकावू शकायचं. फोन लावायला नको, उचलायला नको. पूर्वी गल्लीत लोक जाता-येता डोकावत, तसं. दार, चौकट, कडी, सगळं काव्यानं काढलेलं. चाचणीसाठी तिनं नात्यातलीच घरं धरली. जुळे सोलापुरातलं आपलं, अक्कलकोटला चन्नप्पांचं, वळसंगला नागव्वा आत्याचं आणि सोलापुरातच राहणाऱ्या ईरप्पामामाचं.

त्या दिवसापासून मल्लप्पांची छाती बनियनमध्ये मावेना. बँकेत कुणी खातं उघडायला आलं की ते आधी मोबाईलवर दाराचा फोटो दाखवत. ‘चौकट बघा. आमच्या काव्यानं काढलीय.’ बिचारा माणूस चौकट बघायचा, मान डोलवायचा आणि मग हळूच फॉर्म पुढं सरकवायचा.

एकाच गोष्टीवरून काव्याचं आणि तिच्या साहेबांचं वाजलं होतं. कुणी आत आलं की आवाज झाला पाहिजे, असं काव्याचं म्हणणं. साहेब म्हणाले, आवाजानं लोक दचकतात आणि दार लावून टाकतात. शांतता असली की माणसं जास्त वेळ रमतात. शेवटी साहेबांचंच चाललं. आत आलेल्या प्रत्येक माणसामागं पडद्याच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा, बस्स. काव्यानं फोनवर रडगाणं गायलं तेव्हा मल्लप्पांनी साहेबांचं ऐकावं असा अनुभवी सल्ला दिला होता. (बँकेत ते जन्मभर तेच करत आले होते.)

तर पुढच्या आठवड्यात समाजाच्या मंगल कार्यालयात काव्याचा सत्कार होता आणि वडिलांनी दोन शब्द बोलायचे होते. दाक्षायणीबाई भाजी आणायला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. मल्लप्पांनी लुंगी सावरली आणि पडद्यावरचं दार उघडलं, कारण उघडल्याशिवाय आपलं रूप दिसत नव्हतं. सकाळच्या वेळी सगळे अंघोळ-नाष्ट्यात असणार, असा त्यांचा हिशोब.

पण समोर श्रोते नसले की भाषणाला रंग चढत नाही. म्हणून त्यांनी सोफ्यावर एक गुबगुबीत लोड उभा केला. तो चन्नप्पा अण्णा. शेजारी घडी घातलेली चादर, ती नागव्वाक्का. कोपऱ्यात छत्री टेकवली, ते मेव्हणे ईरप्पा.

भाषणाला सुरुवात झाली. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्या वाक्याला मल्लप्पांना वाटलं, हे ऐकून अण्णांचं तोंड कसं होईल? मग त्यांनी लोडाजवळ जाऊन गाल फुगवले आणि अण्णांचं तोंड करून दाखवलं. ते इतकं हुबेहूब जमलं, की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. कोपऱ्यात दोन हिरवे दिवे लागले. मल्लप्पांना वाटलं, चार्जिंग पूर्ण झालं.

“अण्णा कोट घालून येणार,” ते पडद्यातल्या स्वतःला म्हणाले, “जसा काय सत्कार ह्यांचाच हाय. पहिल्या रांगेत बसणार आणि जेवण कधी म्हणून इचारणार.” मग चादरीकडं वळून त्यांनी नागव्वाक्का भाषणात कशी झोपते आणि टाळ्या वाजल्या की दचकून कशी ‘मंगळसूत्र कुटं हाय’ म्हणते, ते केलं. घोरण्यासकट. तिसरा दिवा लागला. छत्री हातात घेऊन ईरप्पामामा दर फोटोत मधेच कसे घुसतात ते दाखवलं. चौथाही लागला. मल्लप्पांना वाटलं, सण जवळ आला म्हणून पोरीनं काय सुंदर रोषणाई केलीय.

एवढ्यात कुणीतरी जोरात खाकरलं.

ते खाकरणं मल्लप्पा लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी झटक्यात वर खोचलेली लुंगी खाली सोडली, लोड आडवा केला, धावत जाऊन पुढचं दार उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडं बघत “या अण्णा, या” म्हणाले. जिन्यात कुणीच नव्हतं.

“हिकडं,” मागून आवाज आला. “भिंतीवर बघ. लोडाला एवढा मान दिलास, आता पाणी तरी इचार की त्याला.”

आत आलेलं कुणी बोललं की चेहरे दिसायचे, तशा पडद्यात आता चार चौकटी उघडल्या होत्या. एकीत चन्नप्पा. दुसरीत नागव्वाक्का, लोडावरून अजून हसत होत्या, पण मधेच घोरणं आठवून त्यांचा चेहरा पडला. तिसऱ्या चौकटीतून ईरप्पांनी पडदा बंद केला. आणि चौथीत पुण्याहून काव्या, तोंडावर हात ठेवून.

दाक्षायणीबाई भाजी घेऊन आल्या तोवर तिन्ही घरांतून निरोप आले होते. पडदा काढून न्या, आणि सत्काराला आमची वाट बघू नका. मल्लप्पांना आपली लाज वाटत होती, पण त्याहून मोठी काळजी पोरीची. घरचेच पडदे उतरवताहेत म्हटल्यावर साहेबांपुढं ती काय बोलणार?

नवरा-बायकोनं दुपारचीच अक्कलकोटची एसटी धरली. चन्नप्पा अंगणात बसले होते. मल्लप्पांनी वाकून पाय धरले. अण्णांनी त्यांना उठवून शेजारी बसवलं.

“नक्कल चांगली केलीस,” ते म्हणाले. “त्याचं मला काय न्हाय. पण मी तुझ्या घरात चोरावानी उभा हुतो, ते लागलं मला. आमी कुणाच्याबी दारात गेलो की आधी खाकरतो. आतल्या माणसानं सावरून बसावं म्हणून. तुझ्या पोरीच्या दाराला खाकरता येत न्हाय व्हय?”

मल्लप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचं न ऐकण्याचा सल्ला दिला, तो तिथूनच फोन करून. अण्णांचा शब्द न् शब्द त्यांनी काव्याला सांगितला. दुसऱ्या दिवशी काव्यानं सगळी हकिकत, लोड-चादर-छत्रीसकट, कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितली. साहेब हसता हसता खुर्चीतून घसरले म्हणे. आणि हसून झाल्यावर म्हणाले, आवाज पाहिजेच.

तो आवाज चन्नप्पांचाच घेतला. काव्या स्वतः अक्कलकोटला येऊन रेकॉर्ड करून गेली. आता उंबऱ्यात कुणी आलं की आधी अण्णा खाकरतात. त्यासरशी बायका पदर सावरतात, पोरं मोबाईल लपवून पुस्तक उघडतात. नागव्वाक्कांनी पडदा परत लावला. ईरप्पांनीही लावला, फक्त आपल्याही खाकरण्याचा विचार व्हावा, अशी अट घातली.

सत्काराला सगळे आले. चन्नप्पा कोट घालून पहिल्या रांगेत होते. काव्यानं बोलताना म्हटलं, की पुण्यात मी दार काढायला शिकले, पण दारात कसं उभं राहायचं ते दोड्डप्पांनी शिकवलं. दोड्डप्पा म्हणजे थोरले काका, चन्नप्पांना उभं राहावं लागलं. ते संकोचानं खाकरले, आणि अख्खं सभागृह सावरून बसलं. मग टाळ्या. मल्लप्पांची पाळी आली तेव्हा पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. माईक धरून ते एवढंच म्हणाले, “ही आमची काव्या.” आणि डोळे पुसत खाली बसले. ते सोलापुरातलं त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं भाषण होतं, असं लोक अजून म्हणतात.

घरी आल्यावर काव्यानं सांगितलं की कंपनीत आता अप्पांच्याही नावानं एक गोष्ट सुरू झालीय, ‘मल्लप्पा टेस्ट’. कुठलाही नवा स्क्रीन तयार झाला की सगळे बसून विचार करतात, समोर मल्लप्पा उभे असतील तर ह्यात काय काय गोंधळ होऊ शकतो? काहीच होणार नसेल, तरच तो पास.

मल्लप्पांनी ताट बाजूला सारलं. “म्हणजे मला विचारल्याशिवाय कंपनीतून काहीच बाहेर पडत नाही?”

“तसंच समजा,” काव्या म्हणाली.

मल्लप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि बायकोकडं अशा नजरेनं बघितलं, की आता तरी हिला नवऱ्याची किंमत कळावी. दाक्षायणीबाईंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली.

“आमच्या घरात ही टेस्ट लग्न झाल्यापासून चालू हाय,” त्या म्हणाल्या. “उगंच नाही मीठ आणि साखरेचे डबे दोन वेगळ्या खोल्यांत ठेवले.”