कर्ज मंजूर, पार्टी कधी?

सुदर्शन ढोकेला खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून दहा महिने झाले होते आणि या दहा महिन्यांत त्याने दुसऱ्यांच्या पैशाने तीन हजार नऊशे रुपयांचं खाल्लं होतं. हा आकडा त्याचा नव्हता, नीरजाचा होता. टीममध्ये कोणी नवीन मोबाइल घेतला, कोणाचा साखरपुडा झाला, कोणाला दोन टक्के जास्त पगारवाढ मिळाली, की त्याने सगळ्यांना पार्टी द्यायची असा रिवाज होता. कोणाची पार्टी बाकी आहे हे नारायण पेठेतली नीरजा तोंडपाठ सांगे. ती स्वतः कधीच देत नसे, कारण ती कधी काही नवीन घेतच नसे. वडिलांची स्कूटर, आईचं घड्याळ, भावाने टाकून दिलेला मोबाइल. सगळं नियमात बसत होतं.

सुदर्शनने जुनी बाइक घेतली तेव्हा त्याने सरळ गणित मांडलं. स्वतःसकट पाच जणांचं जेवण अडीच हजारांत आटपायचं. तीन हजार नऊशे वजा अडीच हजार, म्हणजे तरीही चौदाशे फायद्यात, आणि वर चिंगूस हे नाव पुसलं जाईल. वाशीमहून आलेल्या, धायरीत तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या, बावीस हजार पगाराच्या माणसाला हा सौदा वाईट नव्हता.

"कुठे नेतोयस?" गंधारने विचारलं. गंधार टीम लीड होता आणि सदाशिव पेठेतला होता. दोन्ही गोष्टी तो सारख्याच वेळा सांगे.

"कोपऱ्यावर थाळी मस्त भेटते."

"थाळी? बाइक घेतलीस ना? सत्यनारायण नाही घातलास."

जागा मग गंधारनेच ठरवली. कोरेगाव पार्क. बिल सहा हजार दोनशे. सुदर्शनने पाकिटातून क्रेडिट कार्ड काढलं. कंपनीच्या गेटवर टेबल मांडून बसलेल्या बाईने ते त्याला आग्रहाने दिलं होतं, आणि आग्रहाने दिलेलं नाकारायचं नाही असं त्याच्यावर घरी संस्कार होते.

त्या रात्री फोटो काढायचे ठरले. "तुझ्या फोनला कॅमेरा नाही?" टीममधल्या सृष्टीने विचारलं. घरात संडास नाही का, असं विचारावं तसं. तिसऱ्या दिवशी सुदर्शनने चौदा हजारांचा फोन घेतला. कार्डावर. चौथ्या दिवशी टीममधलाच दत्तप्रसाद त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"फोन नवीन दिसतोय."

"हो ना."

"मग?"

फोनची पार्टी पाच हजार आठशे. एवढा खर्च झाल्यावर कार्ड कंपनीने पॉइंट्स दिले आणि पॉइंट्सवर एक चाकांची बॅग कुरियरने थेट ऑफिसात पाठवली. दोन हजार सात साली खराडीतल्या माणसाला चाकांची बॅग आली याचा अर्थ एकच होता, कंपनी त्याला परदेशी पाठवतेय.

"ऑनसाइट?" गंधारचा आवाज जरा चिरकला. "मला न सांगता?"

"नाही ना बे, पॉइंट्सवर आली. फुकट."

"फुकट आली?" दत्तप्रसादने निःश्वास सोडला. "मग तर पार्टी दिलीच पाहिजे. आम्ही पैसे मोजून घेतलेल्या वस्तूंवर देतो."

फुकट बॅगेची पार्टी सात हजारांना पडली. मधल्या काळात असल्या हॉटेलांत शोभतील असे शूज आणि जॅकेट घ्यावं लागलं होतं. कार्डाचं बिल आलं की सुदर्शन सर्वांत खाली छापलेली सर्वांत लहान रक्कम भरी आणि बिल भरलं म्हणून निवांत होई. चार महिन्यांनी त्याने पहिल्यांदा वरचा आकडा वाचला. पंचेचाळीस हजार.

त्याच आठवड्यात अकोल्याहून बहिणीचा फोन आला. रुपाली नर्सिंगला होती आणि तिची फी दादा भरणार, हे घरी ठरलं होतं.

"दादा, पंधरा हजार वीस तारखेच्या आत पाह्यजेत. मॅडम रोज माह्यं नाव घेऊन राहिली वर्गात."

"झालं म्हणून समज."

"समजून परीक्षेला बसू देत नाहीत, दादा."

सुदर्शनने साठ हजारांच्या वैयक्तिक कर्जाचा अर्ज केला. पंचेचाळीस कार्डाला, पंधरा रुपालीला, आणि यापुढे कोणाच्या बापालाही पार्टी नाही. योजना पक्की होती. फक्त बँकेचा मेसेज आला तेव्हा फोन टेबलावर होता आणि टेबलाशी गंधार होता.

"अभिनंदन. आपलं कर्ज मंजूर झालं आहे," गंधारने मोठ्याने वाचलं. रक्कम मेसेजात नव्हती. बँकेने तेवढी एकच गोष्ट गुप्त ठेवली होती. "सुदर्शन, फ्लॅट घेतलास?"

आसपासच्या खुर्च्या वळल्या. आता दोन वाक्यांतलं एक बोलायचं होतं. 'तुम्हाला खायला घालून माझं दिवाळं वाजलं, म्हणून हे कर्ज', किंवा 'हो.'

"हो," सुदर्शन म्हणाला.

"कुठे?"

त्याच्या डोळ्यांसमोर बाइकवरून येताजाता रोज दिसणारा फलक आला. "धायरीत. नवी स्कीम आहे, टेकडीच्या बाजूला."

फ्लॅटची पार्टी नऊ हजार चारशे. कार्ड फेडून उरलेल्या पंधरातले पाच हजार सहाशे राहिले. वीस तारखेला बारा दिवस होते. आणि बडीशेप चघळताना सृष्टी म्हणाली, "शनिवारी बघायला येतो सगळे."

शुक्रवारी संध्याकाळी सुदर्शन त्या स्कीमच्या सेल्स ऑफिसात गेला. समोर हेमा मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्याने त्यांना सगळं खरं सांगितलं. इतके महिने कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे जरा लांबलं.

"म्हणजे तुम्हाला फ्लॅट घ्यायचा नाही, दाखवायचा आहे," हेमा मॅडम म्हणाल्या.

"अर्धाच तास."

"किती जण?"

"चार."

"कामाला कुठे?"

"खराडीत, माझ्याच कंपनीत."

हेमा मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "या. सॅम्पल फ्लॅट उघडून ठेवते. तुम्ही काही बोलू नका, नुसते बाल्कनीत उभे राहा. बाल्कनीत उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी कागद मागत नाही."

शनिवारी चौघं आले. सुदर्शन बाल्कनीत उभा राहिला. आत सोफा होता, पडदे होते, टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं होती. सृष्टी स्वयंपाकघरात दोनदा जाऊन आली. दत्तप्रसादने भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि काही कळलं नसताना मान हलवली. गंधार मात्र बाल्कनीकडे बघत होता. बावीस हजारांवाला वाशीमचा पोरगा टेकडी बघत उभा होता आणि चाळीस हजारांवाला टीम लीड वडिलांच्या दोन खोल्यांत राहत होता.

"असे अजून आहेत?" त्याने हेमा मॅडमना हळूच विचारलं.

"चार होते. सकाळी एक गेला."

"तीन?" सृष्टी स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

गंधारने तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, मी धायरीला फ्लॅट घेतोय."

"धायरीला?" पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पुण्यात काही नव्हतं का?"

बुधवारपर्यंत तिघांनी बुकिंगचे चेक दिले. नीरजाने त्या शनिवारी तिथला फुकटचा चहा दोनदा घेतला आणि ती स्कूटरवरून घरी गेली होती.

सोळा तारखेला सुदर्शन रुपालीच्या फीसाठी मित्रांकडे उसने मागायचे शब्द जुळवत होता, तेव्हा हेमा मॅडमचा फोन आला. "पॅन नंबर सांगा. तीन ग्राहक तुमच्यामुळे आले, प्रत्येकी पंचवीस हजार. चेक घेऊन जा."

"मॅडम, पण मी काहीच नाही केलं."

"बाल्कनीत छान उभे राहिलात."

अठराला रुपालीची फी गेली. पुढच्या आठवड्यात सुदर्शनने कर्ज वेळेआधी फेडलं. दंड आणि व्याज चार हजार तीनशे. सगळं वजा जाता हातात तेराशे रुपये उरले. ऑफिसात त्याने जाहीर केलं की त्याने बुकिंग रद्द केलं, झेपत नव्हतं. तिघांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्या तीन पार्ट्यांचा विषय निघाला तेव्हा तिघं एका सुरात म्हणाले, "ताबा मिळाला की." दुसऱ्या दिवसापासून तिघंही घरून डबा आणू लागले.

आठवडाभराने गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर नीरजा त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुझ्या फ्लॅटमधल्या फ्रिजला वायर नव्हती," ती म्हणाली.

सुदर्शनने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मी काल त्या ऑफिसात गेले होते. मॅडम सरळ बाई आहेत, विचारलं तेवढं सांगतात. तुला दिले ते पंचवीस-पंचवीस हजार त्यांनी खिशातून नाही दिले. हजार स्क्वेअर फुटांचा फ्लॅट, फुटामागे पंचवीस रुपये जास्त लावले तिघांना."

"म्हणजे?"

"म्हणजे तू दिलेल्या सगळ्या पार्ट्यांचे पैसे त्यांनी तुला परत केले. कर्ज काढून. वीस वर्षांच्या हप्त्यांनी. गंधार निवृत्तीच्या वाटेला लागेल तोवर कोरेगाव पार्कात खाल्लेली कोंबडी फेडत असेल." तिने बिस्कीट बुडवलं. "व्याजासकट."

"तू सांगणार त्यांना?"

"मी कशाला सांगू? मी फ्लॅट घेतलाच नाही." तिने दुसरं बिस्कीट उचललं. "पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे, पोटात काहीतरी पाहिजे."

शनिवारी दोघं डेक्कनला जेवले. नीरजाने शांतपणे, उजवीकडचे आकडे न वाचता मागवलं. बिल बाराशे चौऱ्याऐंशी झालं. सुदर्शनने तेराशे ठेवले आणि उरलेले सोळा रुपये वेटरसाठी तबकात सोडले.

नीरजाने त्यातली दहाची नोट उचलली.

"पार्किंगला लागतील," ती म्हणाली.