देवचाराच्या चढावरचा पंप

आमचे शेजारी दाजी आपल्या मोटारीत एका वेळी दोन लिटरहून अधिक पेट्रोल घालीत नसत. आज दोन लिटर, उद्या पुन्हा दोन लिटर. पेट्रोलचा काटा वर्षानुवर्षे तळाशी निजलेला. ‘कंजूष माणूस’ असा निर्वाळा तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात कधीच देऊन झाला आहे. तो निखालस खोटा आहे. या गृहस्थाने गावातल्या प्रत्येक लग्नघरी न मागता नारळ पोचवले. त्याला कंजूष म्हणणाऱ्यांनी आधी ते नारळ परत करावेत.

दाजींची सारी नोकरी जहाजावर, इंजिनखात्यात झाली. त्यांचे पालुपद एकच : “बोटीची इंजिनां उघडलंय मी, मास्तरांनु!” नळ गळो, शेगडी न पेटो, माझा गुडघा दुखो, प्रस्तावना हीच. त्यांच्या पत्नी माई यांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्या उंबरठ्याबाहेर पडतात त्या केवळ या मोटारीतून, रोज सकाळी दाजींच्या शेजारी बसून. मोटार थांबली, तर माईंचे जग चार भिंतींएवढे.

आणि मोटार थांबू लागली. धामापूरच्या रस्त्याला एक चढ आहे आणि माथ्याशी देवचाराचा, म्हणजे सीमेच्या राखणदाराचा, दगड आहे. मोटार नेमकी तेथे आचके देई आणि गप्प होई. पहिल्या खेपेस पेट्रोल संपले होते, असे जे सांगितले जाते ते चूक आहे. मी मागच्या आसनावर होतो. काटा तळाशी होता, तळाखाली नव्हता.

दाजी उतरले. आता बॉनेट उघडतील, अशी माझी समजूत. त्यांनी खिशातून विडी काढून दगडावर ठेवली, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणे सुरू केले :

“बा देवचारा, म्हाराजा! ह्या गाडयेची वाट खंयच्या रागान अडवलंस ता माका म्हायत नाय! मास्तरांनु, गप कित्याक? ‘व्हय म्हाराजा’ म्हणा!”

चाळीस वर्षे विज्ञान शिकवलेला मी “व्हय म्हाराजा” म्हणालो. मोठ्याने म्हणालो, असे लोक सांगतात, मी पुटपुटलो. मोठ्याने म्हणाल्या त्या माई, आतून, जड जिभेने. गाऱ्हाण्यात पूर्वज, भावकी, गुरेवासरे, सर्वांची वर्णी लागली. दहा मिनिटांनी दाजींनी किल्ली फिरवली आणि मोटार सुरू!

“बघितलात? बोटीची इंजिनां उघडलंय मी. कळता माका, खंयचो दोष इंजिनाचो आणि खंयचो भायलो, देवचाराचो.”

महिनाभर हाच क्रम चालला. विड्यांचे बंडल मोटारीतच राहू लागले. मग एका दुपारी दोन गाऱ्हाणी आणि एक नारळ होऊनही मोटार हलेना. उन्हाने माईंची मान कलली. दाजींनी गाऱ्हाणे अर्ध्यावर सोडले, आपल्या टोपीने त्यांना वारा घालू लागले आणि मला म्हणाले, “दुमिंगाक फोन लावा.”

दुमिंग मेस्त्री आला. मागच्या आसनाखाली टाकीत पेट्रोल चढवणारा पंप असतो, तेथे त्याने कान लावला आणि किल्ली फिरवायला सांगितली.

“पंप बरो आसलो तर दोन शेकंद गुणगुणता आणि गप रवता. ह्यो बोंबलता, आयका. तापलो की पेट्रोल चढवणा नाय. तुमचा गाऱ्हाणा धा मिनटांचा, तितक्यात निवता. पाच मिनटांत आटपला असतात, तर तेव्हाच कळला असता!”

“देवचाराचो काय दोष नाय मगे?”

“त्याका बिचाऱ्याक फुकटच्यो विडयो गावल्यो. दोष तुमचो. पंप पेट्रोलात बुडान थंड रवता, तुमची टाकी सदा सुकी. अर्धी तरी भरलेली ठेवा, नायतर नवोय जळतलो.”

दाजींनी पैशांवरून मेस्त्रीशी हुज्जत घातली, ही आणखी एक लोणकढी. दुमिंगाने जुन्या मोटारीतला स्वस्त पंप सुचवला, तेव्हा दाजी एवढेच म्हणाले, “नवो घाल. तिका परत उन्हात बसवूचा नाय माका.” भाव न विचारता खिशातल्या नोटा त्यांनी त्याच्या हाती दिल्या. मोजल्या त्या दुमिंगाने.

दुसऱ्या सकाळी दाजी माझ्या ओटीवर येऊन बसले. चेहरा पडलेला.

“मास्तरांनु, टाकी भरली.”

“उत्तम झाले.”

“उत्तम खंय? आता तिका काय सांगू? फिराक चल म्हटला तर ती येणा नाय. ‘माज्या वाकड्या तोंडासाठी पेट्रोल जाळू नकात,’ म्हणता. पेट्रोल संपला, मी भरूक उतरतलंय तेव्हा गाडयेत कोणीतरी बसाक व्हया, असा सांगलंय तरच उठता. तीन वर्सां असाच चललाहा. तुमी कायतरी सांगा. तुमचो शब्द ती खरो मानता.”

मी जन्मात असत्य बोललो नाही, हे सारा गाव जाणतो. उठलो आणि त्यांच्या अंगणात गेलो. माई उंबरठ्याशी खुर्चीत बसल्या होत्या.

“माई, टायरांत हवा कमी दिसते,” मी म्हणालो. “रोज तपासून घेतलेली बरी.”

माईंनी टायरांकडे पाहिले. चारही टम्म होते. मग दाराआड उभ्या असलेल्या दाजींकडे पाहिले.

“रोज?” त्या म्हणाल्या. “मगे ह्ये हवा भरूक उतरतले तेव्हा गाडयेत बसाक कोणीतरी व्हयाच.”

आणि त्यांनी आपला चांगला हात पुढे केला.